वीरप्पांचा घोटा आणि मालकाची जबाबदारी

मुरुम,
१२ मे १९५८

चिरंजीव अंबादास यास अनेक आशीर्वाद.

उस्मानाबादेत तुझी वकिली बरी चालली असेल व विमलला उन्हाळा बाधत नसेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. तुझी ताई गेल्यापासून जेवण वेळेवर होत नाही. परंतु ही तक्रार नव्हे.

कायद्याचा एक प्रश्न उपस्थित झाला आहे. पावसाळ्यात ताईच्या नावाने आंबा लावावा म्हणून मी परसात कमरेइतका खड्डा खणवला. शेजारचे वृद्ध वीरप्पा (एकटेच राहतात, सज्जन मनुष्य) कुंपणाच्या फटीतून येऊन न विचारता कढीपत्ता नेतात, हे मला ठाऊक होते. म्हणून कर्तव्यबुद्धीने पाटी लावली : ‘सावधान. पुढे खड्डा आहे.’ (ऱ्हस्वदीर्घ तपासून घेतले होते.) वीरप्पांना कानडीखेरीज काही वाचता येत नाही, हा विचार मात्र मनाला शिवला नाही. पाटी ताईच्या स्मरणार्थ आहे असे समजून त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले आणि तसेच पुढे होऊन खड्ड्यात प्रवेश केला.

घोटा सुजला. वैद्यांनी हलवू नका म्हटल्यामुळे ते माझ्याच ओसरीवर आहेत. परवानगीवाचून दुसऱ्याच्या आवारात शिरणे गैर आहे, असे मी त्यांना समजावले. त्यावर म्हणाले, “वैनी गेल्यापासनं दार वाजवलं की तुमी तसलं तोंड घेऊन उठून येता, मास्तर. बघवत न्हाय. म्हणून मागनं येतो.” हल्ली ते बाजेवरून माझ्या स्वयंपाकावर देखरेख करतात. “फोडणी जळाली की हो! वैनी तुमाला चुलीपाशी फिरकू देत नव्हत्या, ते बरोबरच होतं!” (होतेच.)

तर विनापरवाना आलेल्या मनुष्याप्रती जागेच्या मालकाची जबाबदारी किती? माझ्या समजुतीप्रमाणे, मुद्दाम सापळा लावू नये, एवढीच. परंतु तो येतो हे ठाऊक असता, त्याला उमजेल असा इशारा द्यायला नको काय? विचारपूर्वक कळवावे.

तुझा दाजी,
विश्वंभर

ता. क. त्यांचा मुलगा शिवप्पा रविवारी येऊन त्यांना कायमचे आळंदला नेणार आहे. घोटा पूर्ण बरा होईतो जखमी मनुष्यास स्वतःकडेच ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे तुझ्या वकिली कागदावर लिहून शनिवारपर्यंत पोहोचेल असे पाठव.

पुन्हा ता. क. तसा कायदा नसला तरी लिही. आज सकाळी वीरप्पा काठीवाचून विहिरीपर्यंत जाऊन आले. हे आम्ही दोघांनीही पाहिलेले नाही.