चपला कोणत्या दाराशी?

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

कवठे महांकाळ, ता. ६ एप्रिल २०२५

चि. स्वप्नालीस, आबाचे आशीर्वाद. फोनवर तू हसवतेस आणि सांगायचे राहून जाते, म्हणून लिहितो. चुका सांभाळून घे.

तू नकाशा काढलेली सांगलीची दुकानांची इमारत बघून आलो. छाती फुगली. दारात चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, आबा, घालूनच चला. म्हटले, नातीचे काम हाय, तसा कसा जाऊ? आत बसायला घोंगडीएवढी जागा नाही. बाहेर आलो तर चपला नाहीत! चारी दारे सारखी. तीच काच, तीच कुंडी, झाड प्लास्टिकचे. दोन फेऱ्या मारल्या, तळपाय भाजले. साताऱ्याचीही इमारत तशीच. गाव कोणते, हे पाटी वाचून कळते.

तुझी आजी बनाबाई म्हणते, लिहू नका, पोरीला लागेल. पण आपल्या बाजाराच्या जागेवर तसलीच उठणार म्हणे. कडुलिंबाखालचा कट्टा जाईल का गं? खुणेशिवाय मेंढरूही वाट चुकते. रागावू नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आबा, अर्जुना

सातारा, ता. १४ एप्रिल

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

चपलांचे वाचून हसले, मग हसू टिकले नाही. सांगलीचा नकाशा माझा नव्हताच. आमच्याकडे एकच नकाशा असतो, गावाचे नाव तेवढे बदलते. मी फक्त कुंड्या मांडल्या. फोनवर तुमचा अभिमान ऐकून खरे सांगवले नाही.

कवठ्यालाही तोच जाणार होता. मी कडुलिंब आणि कट्टा राखून दुसरा काढला. दोन गाळे कमी होतात, म्हणून साहेब चिडले. आता जागेचे मालक ठरवतील. त्यांनी पहिलाच घेतला, तर त्यावर माझे नाव नको, असे सांगून आले. नोकरीची काळजी करू नका. कराल, माहीत आहे.

आजीला नमस्कार. ओढ अशीच असू द्या.
स्वप्नाली

कवठे महांकाळ, ता. २ मे

चि. स्वप्नालीस, अनेक आशीर्वाद. काळजी केलीच. आजी म्हणाली, नोकरी गेली तर मेंढरं राखील, नात कुणाची हाय!

मालक दोन्ही नकाशे घेऊन आले होते. उन्हाने कावले आणि आपसूक कट्ट्यावर टेकले. आजीने ताक दिले. पाऊण तास उठले नाहीत. मी तोंडातून शब्द काढला नाही, आजीने शपथच घातली होती.

काल मजुरांनी कडुलिंबाभोवती चुन्याची रेघ मारली. लगबगीने गेलो. विचारले, तोडायचा? म्हणाले, न्हाई आबा, राखायचा.

मग चपला काढल्या आणि रेघेच्या आत जाऊन बसलो. उठलो तेव्हा त्या तिथेच होत्या.

येत जा, विसरू नकोस.
तुझा आबा