बाबांचा पाहुणचार

मानिकी नदीकाठ,
१४ ऑगस्ट

बासिलियो,

तुला, तुझ्या बायकोला आणि पोरांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. नदी उतरलीय, मासे भरपूर मिळतायत, केळीही यंदा बऱ्या आहेत. व्यापाऱ्याची होडी उद्या खाली जाणार, म्हणून घाईत लिहितेय.

बाबांना तुझ्याकडे सांताक्रूझ शहरात पाठव, असे तुझे निरोप पोचले. उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. राग गिळ आणि पुढे वाच.

डॉक्टरांचं पथक येऊन गेलं. म्हाताऱ्यांना चालायला लावलं, प्रश्न विचारले, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई भलत्याच खुशीत. म्हणाल्या, "तुम्हा त्सिमाने लोकांत म्हातारपणी विसरायचा आजार जवळजवळ नाहीच! आमच्या शहरांत बघा, किती घरांत आहे."

मी विचारलं, "आमच्या रक्तातच काही आहे का हो?"

"रक्ताचं अजून सांगता येत नाही. पण तुम्ही दिवसभर चालता, वल्हवता, शिकार करता. काळीज धडधाकट, रक्तवाहिन्या साफ. शहरात जाऊन बसून खाल्लंत, तर तुमचंही आमच्यासारखंच व्हायचं."

हे खास तुझ्यासाठी लिहिलंय. दिवसभर टॅक्सी चालवत बसून तुझं पोट सुटलंय, साखरही वाढलीय म्हणे. चाल की जरा, बैलोबा!

गाव खूश झालं. शेजारची फेलिसामावशी म्हणाली, "चला, म्हणजे मरेपर्यंत जुनी भांडणं लक्षात राहणार!"

आता लिहायचं टाळत होते, ते लिहिते. जवळजवळ नाही म्हणजे कुणाला तरी आहेच ना? आपल्या बाबांना आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आमच्या लक्षात कसं आलं नाही, विचारशील. अरे, आपल्याकडे कुणी घरी आलं तर का आलास म्हणून विचारतं का कुणी? तो अंगणातल्या चटईच्या कडेला बसतो, आपण घरी आंबवलेली चिचा वाडग्यात ओतून प्यायला देतो. बाबा रोज कुणाकडे तरी जायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा हौशी आहे. फेलिसामावशीच्या चुलीवरचा मासा न विचारता खाल्ला, तर ती म्हणाली, "हक्काचा माणूस!" एकदा तिच्या नवऱ्याच्या मच्छरदाणीत जाऊन झोपले. तो म्हणाला, "मग मी काय तुमच्या घरी झोपू?" गावभर हसू झालं. मीही हसले.

पण ते कुणाकडे पाहुणे म्हणून जातच नव्हते. त्यांना ते आपलंच घर वाटायचं.

हे मला परवा कळलं. बाबा आपल्या घरी आले आणि आत न येता चटईच्या कडेला बसले. मी वाडगा दिला. प्यायले, म्हणाले, "छान जमलीय." मग उठून म्हणतात, "येतो मालकीणबाई. घरी पोरगी वाट बघत असेल."

मी वाडगा पुन्हा भरला आणि म्हटलं, "बसा हो. तुमची पोरगी काही रागवायची नाही." बसले बिचारे. मी नदीवर जाऊन पोटभर रडले आणि पाणी घेऊन परत आले.

तर बाबांना मी पाठवणार नाही. तुझ्याकडे सगळी दारं सारखी, आणि सगळ्यांना कुलपं. परक्या दारावर थाप मारली तर लोक पोलिसांना बोलावतील. इथे ते कुठेही शिरले तरी कुणीतरी बसा म्हणतं. नदीकडे वळले तर हाक मारायची, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तूच ये. लवकर ये. तुझी आठवण काढतात, पण त्यांच्या लेखी तू अजून गळ टाकायला शिकणारा पोरगा आहेस. आल्यावर "मला ओळखलंत का?" असं विचारू नकोस. ते ज्या कुणाच्या नावाने हाक मारतील, त्याच नावाला ओ द्यायची. मी देते.

तुझी थोरली बहीण,
हिलारिया