मांस कमी भरतंय

९ नोव्हेंबर
आज पुन्हा! बैल चांगला थोराड. टांगलेल्या धडाच्या पाठीवर नेहमीसारखी बोटं दाबली. चरबी पातळ, म्हणजे मांस भरपूर. सांगून टाकलं – हाडं-चरबी काढून एकशेऐंशी किलो निघेल. निघालं एकशेपासष्ट. हिवाळ्याची बेगमी म्हणून ज्यांनी बैल घेतला ती माणसं माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या बुटांकडे.

११ नोव्हेंबर
खाटीकखान्याची मालकीण रिसकूल आपा सगळ्यांदेखत म्हणाली, "काय हो, तुम्ही हात लावला की जनावर रोडावतं वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. मी आकडा सांगितला की लोक काट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्याजवळ आहे काय दुसरं? हे गेलं तर मला कोण विचारणार!

१२ नोव्हेंबर
गाय. कमीच भरली.

१४ नोव्हेंबर
मग मांस जातं कुठे? हाडं सोडवतो एरमुखान. सुरी धरायला त्याला मीच शिकवलं, म्हणून मला आगा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. संध्याकाळी पिशवी घेऊन घरी जातो. विचारलं तर म्हणे, "हाडं आहेत आगा, कुत्र्याला." एवढं खातो कुत्रा?
कुलयाशजवळ बोललो. माझी बायको असून त्याचीच बाजू घेते – "सोन्यासारखा माणूस आहे. जरा दम धरा."
दम कसला धरू? माझं नाव मातीत चाललंय!

१६ नोव्हेंबर
सगळ्यांसमोर त्याची पिशवी उलटी केली. हाडं पडली. नुसती हाडं. तिथंच थांबायला हवं होतं, पण तोंड सुटलं होतं – "आज नाही नेलंस, म्हणून रोज नेत नाहीस असं थोडंच आहे!"
एरमुखान लालबुंद झाला. म्हणाला, "तुम्ही म्हणता ना आगा, मग मी चोर." सुरी पुसून ठेवली आणि गेला. आपानं लगेच दुसरा माणूस लावला. मला बरं वाटायला हवं. वाटत नाहीये.

१८ नोव्हेंबर
नवा माणूस, नवा बैल. त्याच्या हातांवरची नजर मी क्षणभर हलवली नाही. तरी बारा किलो कमी! चरबी मात्र ढीगभर निघाली. एवढी आली कुठून? दाबून पाहिली तेव्हा मला तर लागली नव्हती.
जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितोय. चुलीवरची कढई सरकवत होतो. कुलयाश किंचाळली तेव्हा कळलं – तिला जळल्याचा वास आला होता. उजव्या हाताच्या बोटांवर, ज्यांनी चरबी दाबून बघतो त्याच बोटांवर, टरारून फोड आलेत. भाजताना काही लागलं नाही. आत्ताही दुखत नाहीत.
कुठल्या तोंडानं जाऊ एरमुखानकडे?