बुजवलेली खिडकी

हाइलिगेनरीडचा मठ, बव्हेरिया
संत मार्टिनचा सण, १७३८

कोर्बिनियान,

आशीर्वाद. थोरल्या भावानं वर लिहायचा असतो म्हणून लिहिला, मनातून अजून निघत नाही. इकडे थंडी पडली आहे. मठाची बिअर यंदा पांचट झाली आहे. तुझ्या अफ्रा वहिनीची तब्येत विचारू नकोस.

आउग्सबुर्गला तुला नवं काम मिळालं असं ऐकतो. मिळू दे. पण जाण्याआधी चर्चची दक्षिणेची खिडकी विटा घालून बुजवायला तुला सांगितलं कुणी?

घरून परत आलो, आत शिरलो, वर पाहिलं, तर काळोख! गिलाव्यातून घडवलेला माझा देवदूत वळचणीला टांगलेल्या पोत्यासारखा लोंबत होता.

अरे, ठरलं काय होतं आपलं? खिडकी खालून कुणाला दिसायची नाही, नुसता तिचा उजेड दिसायचा. तो देवदूतावर पडायचा. त्याचं अंग माझं, एक पाय चौकटीबाहेर सोडलेला. डावा पंख माझा, गिलाव्याचा. उजवा तुझा, छतावर रंगवलेला. माझे ढग कुठे संपले आणि तुझे कुठे सुरू झाले, हे खाली गुडघे टेकलेल्या बाईला कळता कामा नये. बांधणारा, घडवणारा, रंगवणारा, तिघांचं मिळून एकच आकाश. टेबलावर मूठ आपटून हे तूच बोलला होतास ना? मग माझी पाठ वळताच दिवा का विझवलास?

आणि वर मठाधिपतींना म्हणालास, "भावाचं काम झाकलं गेलं तरी चालेल, लोक चित्र बघायला येतात." त्यांनी मला ते जसंच्या तसं ऐकवलं. मी पहार उचलली आणि परांचीवर चढलो.

"मास्तर, खाली उतरा! वेड लागलं का तुम्हाला?" मठाधिपती खालून ओरडले.

"ज्यानं बुजवली त्याला विचारा!"

विटा कोसळल्या. दुपारचं ऊन आत आलं आणि देवदूताच्या चेहऱ्यावर पडलं. म्हणजे माझ्या रोझिनाच्या, तिचाच चेहरा दिला होता मी त्याला.

मी घरी का गेलो होतो ते तुला ठाऊक आहे. निरोप तुलाही गेला होता. बाप्तिस्म्याला तिला हातावर घेणारा तिचा धर्मपिता तू! देवी आल्या होत्या पोरीला. डोळे चिकटलेले. दार वाजलं की विचारायची, "काका आला?" मी म्हणायचो, "वाटेत आहे गं." मरणाऱ्या लेकीशी मी खोटं बोललो, तुझी लाज राखायला. तिच्या शवपेटीला हात लावायला शेजारचा लोहार आला. तू इथे विटा रचून घेत होतास.

उन्हाळ्यात ती परांचीखाली उभी राहून ओरडायची, "बाबा, माझं नाक एवढं मोठं नाहीये!" आता तेवढंच नाक उरलंय तिचं. तेही तू अंधारात कोंडलंस.

मी तिच्याकडे बघत असताना मठाधिपतींनी वर बोट केलं. तू रंगवलेल्या पंखाची खिडकीकडची, उजेडाची बाजू काळी होती आणि पलीकडची, सावलीची लख्ख. माझ्या पोरीचा पंख मोडल्यासारखा दिसत होता.

"मास्तर, सूर्य खोटा बोलतोय की तुमचा भाऊ?"

"सूर्य देवाचा, भाऊ माझा," मी म्हणालो. "भावाचं मी बघतो."

तुझे रंग खलणाऱ्या म्हाताऱ्या उर्बानला धरलं. आधी "मला काय ठाऊक" करत राहिला, मग रडायलाच लागला. "त्यांना दिसेनासं झालंय हो. कुंचला कुठे टेकला ते मलाच विचारायचे. पंख चुकला हे नंतर कळलं, म्हणून शरमेनं खिडकी बुजवली. मुलीचा निरोप आला तेव्हा निघालेही होते. फाटकाबाहेर भलत्याच वाटेला लागले. मी हात धरून आणलं, तर कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली."

गाढवा! दिसत नाही म्हणण्यापेक्षा नालायक ठरलेलं बरं वाटलं तुला? माझ्यापाशीसुद्धा? अफ्रा आणि मी तुला शिव्या घालत झोपायचो, त्यापेक्षा तुझ्यासाठी रडलो असतो. आणि आउग्सबुर्गचं काम कुणाच्या डोळ्यांनी करणार आहेस?

हे पत्र तुला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल, हे आत्ता लक्षात आलं. म्हणजे आता त्यालाही कळलं. बरं झालं.

ऐक. खिडकी आता बुजणार नाही. तुझा पंख मी खरवडून काढला आहे. तिथे छत उघडं पडलंय, रोज प्रार्थनेला मठवासी ते बघतात आणि माझ्याकडे बघतात. बघू देत. थंडी सरली, चुना धरायला लागला, की उर्बान तुला आणायला येईल. ऊन कुठून येतं ते मी तुझ्या खांद्याला धरून सांगेन. हात तुझाच हवा. दुसरा कुणी रंगारी त्या परांचीवर चढला तर ढकलून देईन.

पण आधी घरी जायचं. अफ्रा दार उघडेल, बोलणार नाही. तरी आत जा.

अजून संतापलेला,
रोझिनाचा बाप आणि तुझा दादा,
वेंडेलिन