कोरलेला पहिला शब्द

भिंगरीचे अब्बा,

तुम्ही भावाकडे निघून गेलात त्याला तीन महिने झाले. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. कोणत्या तोंडाने टाकू?

लग्नात सगळे म्हणाले होते, एका घरात दोन देव नांदायचे नाहीत. नांदले की बारा वर्षं! तापाने आपली भिंगरी गेली तेव्हाही वाद झाला नाही. दोघांकडे मातीच देतात. वाद झाला तो दगडावरून. मला तिच्या कबरीवर ‘पित्याच्या कुशीत’ हवं होतं. शेकडो परक्यांसाठी तुम्ही ती ओळ कोरलीत, आणि आपल्या पोरीच्या वेळी म्हणालात, “खोटं कसं कोरू? अल्ला कुणाचा बाप नाही.”

तेव्हा मी बोलू नये ते बोलले. “माझ्या देवाने स्वतःचा मुलगा मरताना पाहिलाय. तुमच्या देवाला लेकराचं दुःख काय कळणार?”

तुम्ही छिन्नी खाली ठेवलीत. “म्हणूनच त्याचा आधार वाटतो. लेकरू गेलेला बाप दुसऱ्याला काय सावरणार? मी आहेच की तुझ्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बॅग उचललीत.

काल तुमची शेड झाडायला गेले आणि दगडावरचं गोणपाट काढलं. माझी ओळ पेन्सिलीने आखलेली होती. ‘पित्याच्या’ एवढं कोरूनही झालं होतं. म्हणजे जाण्याआधी तुम्ही माझ्यासाठी कोरायला बसला होतात. कामात तुमचा हात कधी हलत नाही, पण या एका शब्दाची सगळी अक्षरं थरथरलीत.

त्यावरून बोट फिरवत बसले. मला तिथे तुम्हीच दिसलात.

भिंगरीची आई