जेरोमच्या शेजारी

ॲलिस स्प्रिंग्ज,
२० मे २००९

चि. आयव्हीस,
डल्सीचे अ. उ. आ.

फोनचा टॉवर वादळात पडला तो अजून पडलेलाच आहे, असं कार्लो ट्रकवाल्याकडून कळलं. चला, मिशनच्या शाळेत मार खाऊन शिकलेलं लिहिणं म्हातारपणी उपयोगी पडतंय. तुझं अक्षर मात्र तेव्हाही वाचवत नव्हतं, आताही वाचवत नाही.

मी बरी आहे. किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मशीन माझं रक्त धुऊन देतं आणि उरलेले दिवस मी हॉस्टेलच्या खोलीच्या दारात बसून रस्ता बघते. चहा अर्धा कप. कांगारूच्या शेपटीची तर स्वप्नं पडतात.

तुझी रोझेल आणि क्लेटन एका घरात राहायला लागले, फार बरं झालं. त्यांचं जमलंच होतं, आपण दोघींनी फक्त घाई केली. दोन्ही घरांतलं भांडण एकदाचं मिटेल. जेरोमने मारलेल्या दगडाने क्लेटनच्या धाकट्या भावाचा डोळा गेला, हे काही लहानसहान नाही. पण बायकोच्या घरच्या पोरावर कोणी हात टाकत नाही, आणि आता मावशीचा नवरा म्हणून क्लेटन नात्याने जेरोमला बापाच्या जागी. माझी लेक, जिचं नाव ती वारल्यापासून घ्यायचं नाही, तिने मागे ठेवलेलं हे एकच पोर आहे गं. त्याला जप.

पोरांच्या समेटासाठी ठेवलेल्या ओढ्याकाठच्या मेळाव्याचं सविस्तर कळव. क्लेटनशी बोलायला त्याच्या मामाला, लिंडसेला, नक्की बोलाव, मामाचा शब्द तो मोडणार नाही. तुझ्या-माझ्या तोंडाला तर आता कुलूपच. तू त्याची सासू आणि तुझी बहीण म्हणून मीही सासूच.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
डल्सी


आयर्न बोअर,
१ जून २००९

ती. ताईस,
आयव्हीचा सा. न. वि. वि.

लिहायला हात होत नाही, पण विमान उद्या येईल तेव्हा टपाल तयार हवं.

मेळाव्याचे पहिले दोन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. म्हाताऱ्यांनी पोरांकडून भाले तासून घेतले. आम्ही खड्ड्यात शेपट्या भाजल्या, आणि पर्सी आजोबांनी नेहमीप्रमाणे मी त्या करपवल्या म्हणून सगळ्यांना सांगितलं. मग दोन्हीकडची पोरं एका रिंगणात बसली. एकेकाने उठून पोटातलं बोलायचं, मधे कोणी तोंड घालायचं नाही. चौदा पोरं बोलली. दोघं रडली.

लिंडसे आला नाही. त्याच्या गाडीचा आस रेताडात मोडला.

जेरोम माफी मागायला उठला होता. तेवढ्यात क्लेटन लोखंडी सळई घेऊन आला. ताई, लहानपणी या पोराचं नाक मी पुसलंय. महिन्यापूर्वी असतं तर कानाला धरून खाली बसवलं असतं. मी तोंड उघडलं मात्र, बायकांनी माझ्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि मला मागे ओढलं. सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हे मला का माहीत नाही? मी पाठ फिरवून घोंगडीत बसले आणि नुसती ऐकत राहिले. पर्सी आजोबा मधे पडले म्हणून निभावलं. पण क्लेटनने सगळ्यांदेखत सांगितलं की थंडी संपायच्या आत तो डोळ्याला डोळा घेणार. आपणच सोयरीक जुळवली आणि आपणच आपलं तोंड शिवून घेतलं.

पण एक गंमत झाली. काल सकाळी जेरोम ओट्यावर चहा पीत होता, मी शेजारी बसले होते. क्लेटन वळणावरून आला, मला पाहिलं, मान फिरवली आणि आल्या पावली परत गेला. मी त्याच्यासमोर जायचं नाही, तसं त्यानेही माझ्यासमोर यायचं नाही! तेव्हापासून मी जेरोमच्या शेजारून हललेली नाही.

काळजी नको करू म्हणून लिहिणार होते, पण तू करणारच.
तुझी,
आयव्ही


ॲलिस स्प्रिंग्ज,
४ जून २००९

चि. आयव्हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मशीनवर असताना वाचलं आणि इतकी हसले की नर्सबाई नळ्या तपासायला धावत आली. शाब्बास! सासूचा असा उपयोग आपल्या आजीलाही सुचला नसता.

नंतर मात्र हसू ओसरलं. सोळा वर्षांचं पोर, आणि तुझे गुडघे हे असे. त्याच्यामागे कुठे कुठे फिरशील? पोलीस महिन्यातून दोनदा येणार, तेही चहाला. मी इथे पडून छत बघते आणि नुसती चरफडते. हातांच्या शिराही आता दगा देताहेत, सुई लागत नाही.

जेरोमला म्हणावं, आजीने ऐकायला सांगितलंय.
तुझीच,
डल्सी


आयर्न बोअर,
१५ जून २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवून काय करू? पोरं जेरोमला चिडवायला लागली, की हा आजीच्या झग्यात राहतो. शुक्रवारी मी दुकानात पीठ घ्यायला उभी राहिले तेवढ्यात तो मागून सटकला. दुकानामागे क्लेटन आणि त्याच्याकडची पोरं टपलेलीच होती. भुवईवर सहा टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

रोझेलने नवऱ्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवलेत. ती म्हणते, रागाच्या पलीकडे त्याला काही दिसतच नाही. मी तिच्यामार्फत निरोप धाडते, तो ऐकून घेतो आणि उठून बाहेर जातो. धाकट्या भावाला हाताला धरून फिरवतो. त्याचंही दुःख खोटं नाही.

लिंडसेने शपथ घेतली आहे की तो सोमवारी, बावीस तारखेला येणार. पुन्हा मेळावा ठेवलाय. तोवर पोराला सांभाळायचं, बस्स. पण मी एका बाजूला बसते तर दुसरी बाजू उघडी राहते. तू असतीस तर एकीकडे तू, एकीकडे मी. असो, आपलं उगीच लिहिलं.

तब्येतीला जप.
तुझी,
आयव्ही


ॲलिस स्प्रिंग्ज,
१७ जून २००९

चि. आयव्हीस,
अ. उ. आ.

हे पत्र पुढच्या मंगळवारच्या विमानाने मिळेल, म्हणजे मी तिथे पोचल्यानंतरच. तरी लिहून ठेवते, कारण समोर आल्यावर तू मला बोलू देणार नाहीस.

शनिवारी पहाटे मी कार्लोच्या ट्रकमधून निघतेय. शुक्रवारचं मशीन शेवटचं. मशीन बंद करायच्या कागदावर सही केली. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं की मला समजतंय ना. म्हटलं, चांगलं समजतंय. मशीनशिवाय एक आठवडा, फार तर दहा दिवस. मला सोमवारपर्यंतच हवेत, वरचे दिवस शेपटी खायला. खोलीची किल्लीही परत देऊन टाकते.

रडू नकोस. भीती मलाही वाटते. पण क्लेटन माझ्याही समोर येऊ शकत नाही, आयव्ही. जेरोमच्या दुसऱ्या बाजूला मी बसेन. लिंडसे क्लेटनशी बोलेपर्यंत एवढंच माझ्या हातात आहे.

रागावशील, पण प्रेम कमी करू नकोस.
तुझी ताई,
डल्सी


आयर्न बोअर,
२० जून २००९, शनिवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. शाळेच्या मास्तरीणबाई आत्ताच ॲलिसला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देते.

जेरोम आज पहाटे फुटबॉलवाल्यांच्या गाडीतून तुझ्याकडे निघून गेला. मला जागं न करता उशाशी चिठ्ठी ठेवून गेला. लिहिलंय की डल्सी आजी तर दिवसभर दारातच बसलेली असते, तिच्याजवळ राहीन, म्हणजे इथे तुला माझ्यामागे पळावं लागणार नाही. पोराला अक्कल आली म्हणायची.

पण क्लेटनला कळलं. तासाभरापूर्वी तो दोघा भावांना घेऊन त्याच रस्त्याने गेला. रोझेल गाडीपुढे आडवी उभी राहिली तर तिला बाजूला सारलं. मी घराच्या मागे तोंड फिरवून उभी होते, दुसरं काय करणार?

हे पत्र पोचेल तेव्हा पोरगा तुझ्या खोलीवर असेलच. त्याला आत घे आणि तू खुर्ची टाकून दारात बस. तुला ओलांडून क्लेटन आत पाऊल टाकायचा नाही. शहरात त्याला अडवणारं दुसरं कोणी नाही.

ताई, तुला मशीनसाठी तिथे अडकून पडावं लागलं म्हणून मी तीन वर्षं देवाला बोल लावला. आज पहिल्यांदा वाटतंय, तू तिथे आहेस ते किती बरं झालं.

जेरोमला जेवू घाल.
तुझी,
आयव्ही