शिवणताईंकडचे गुरुवार

४ सप्टेंबर, गुरुवार

झालं. नाही म्हणता आलं नाही.

मोठ्या बाई मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. आजाऱ्यांच्या गुरुवारच्या भेटी आता कोणी चालवायच्या, असा प्रश्न चर्चच्या महिला मंडळात निघाला आणि पाळकसाहेबांनी सरळ माझं नाव घेतलं. बावीस वर्षं मोठ्या बाईंनी हे काम केलं. खाटेजवळ उभ्या राहून त्या प्रार्थना करायच्या तेव्हा आजारी माणूस रडायचं, घरचे रडायचे, मागे पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या आम्हीही रडायचो. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली की तिसऱ्या वाक्याला माझं आमेन.

"देवाचं पाचारण आहे असं समजा," पाळकसाहेब म्हणाले. तेव्हापासून समजतेच आहे.

७ सप्टेंबर, रविवार

एक बरं आहे. मोठ्या बाईंच्या प्रार्थना माझ्याकडे उतरवलेल्या आहेत – जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. चांगलं काही कानावर पडलं की टिपून ठेवायचं, ही माझी जुनी खोड. आजाऱ्यासाठी केलेली एक दीड पानाची सलग सापडली. पाठ करायला घेतली. भांडी घासताना म्हणत होते. शेवटी त्या आवाज कसा खाली आणायच्या, तेही करून पाहिलं. हे दारातून डोकावले. "मोठ्या बाई परत आल्या की काय? चहा वाढवायला हवा."

मी हसले नाही. प्रभूचं काम आहे. माझ्या तोडक्यामोडक्या बोलण्यावर कसं भागेल?

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहितेच. नाही लिहिलं तर डोक्यातून जाणार नाही.

पहिली भेट शिवणताईंची. मंडळीतल्या निम्म्या मुलांची बाप्तिस्म्याची झबली यांच्या हातची. मधुमेहाने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला, त्याला तीन महिने झाले. हे मला माहीत होतं. मंडळात ती बातमी मीच तर सांगितली होती! खाटेशेजारी त्यांचं पायाने चालवायचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. आम्ही पाच जणी उभ्या राहिलो. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्द असे धडाधड येत होते की माझं मलाच बरं वाटलं. आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हिच्या पावलांना बळ दे, प्रभू. ही तुझ्या मंदिराच्या पायऱ्या पुन्हा चढत येवो."

कोणीच आमेन म्हटलं नाही.

"कुठल्या पावलाला गं?" शिवणताई म्हणाल्या. "आहे त्या, की गेलं त्या?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "हा घोळका पुन्हा माझ्या दारात आणू नका. आणि प्रार्थना तर नकोच. पुरे झालं मला त्याचं."

ती प्रार्थना कुणा दुसऱ्याच बाईसाठी होती. मोडलेलं हाड जुळून आलेली कोणी असेल. मी तिचं मागणं हिच्या खाटेजवळ नेऊन ओतलं. डोळे उघडे असते तर पांघरूण कुठे सपाट पडलंय ते दिसलं असतं.

एका बाईची प्रार्थनेवरची वासना मी उडवली. हे कसं भरून द्यायचं, प्रभू?

१४ सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, माझं नाव काढा. मला मोठ्या बाईंसारखं येत नाही.

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले.

मग माझं नाव का घेतलंत?

त्यांनी चष्मा पुसला. "माझी आई वर्षभर अंथरुणावर होती. लोक भेटायला यायचे आणि माझी बायको चहा करून करून थकायची. तुम्ही आलात की तिला उठावं लागायचं नाही. तुम्ही उभ्याउभ्या कपड्यांच्या घड्या करून जायचात."

मला हे आठवतसुद्धा नव्हतं. त्यात पाचारण कसलं? कपडे पडलेले होते म्हणून घड्या केल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

एकटीच गेले. दारातूनच सांगितलं, "ताई, प्रार्थना करायला आले नाही. माफी मागायला आले. ती प्रार्थना माझी नव्हती, मोठ्या बाईंची होती. मी पाठ केली होती."

त्या अंग हलवून हसल्या. "पाठ? शाळेतल्या कवितेसारखी?"

"हो."

"आणि त्यांच्यासारखा आवाज काढलास तो?"

"तोही."

"मला वाटलं घसा बसलाय." मग हसू थांबलं. "बस. आलीच आहेस तर या सुया ओवून दे. डोळेही दगा द्यायला लागलेत."

आता त्या हाताने बटणं लावतात, काठ दुमडतात. एका पायाने मशीन चालवायचं मनात आहे – डावा पाय आहे ना अजून, म्हणतात. मी बारा सुया ओवल्या आणि उशीला टोचून ठेवल्या. प्रार्थना केली नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सुया. नखं कापली. फारसं बोलणं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मशीनवरची चादर आज काढलेली होती. मी तेल घातलं. डाव्या पायाने त्यांनी वीतभर शिवण मारली. वाकडी आली. "माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींची पहिल्या दिवशी अशीच यायची," म्हणाल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मंडळाच्या चिटणीस बाईंनी वही पुढे केली. भेट, बायबलचं वचन, प्रार्थना – असे तीन रकाने. शिवणताईंच्या नावापुढे, पहिली भेट सोडली तर, माझे प्रार्थनेचे सगळे रकाने कोरे. "अहो, काहीतरी भरा. दोन शब्द मनात म्हटले असतीलच की."

मनात तर दिवसभर चालू असतं. दूध उतू जातंय, प्रभू. यांचा खोकला बघ, प्रभू. शिवणताईंचा डावा पाय सांभाळ. पण त्या घरात मोठ्याने मागायची परवानगी मला नाही. मी रकाना भरला नाही. आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही, ती देवाच्या वहीत कशी करू?

चिटणीस बाई म्हणाल्या, "मग या भेटीला म्हणायचं तरी काय?"

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डाव्या टाचेची जखम काळी पडली आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वाचवायचा प्रयत्न करू. शिवणताई म्हणाल्या, "असं म्हणतात तेव्हा काय ते मला कळतं."

मी सुई ओवायला घेतली. दोरा जाईना.

"आज माग," त्या एकदम म्हणाल्या. "पण बघून माग."

मी डोळे मिटले नाहीत. त्यांच्याकडे बघितलं. मोठ्या बाईंचं एक वाक्य जिभेवर आलं, ते गिळलं. म्हणाले, "प्रभू, ही घाबरली आहे. मीही घाबरले आहे. तू इथे बस. आमेन."

"एवढंच?"

"एवढंच येतं मला, ताई."

"बस म्हणालीस," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. सगळे त्याला काहीतरी करायलाच सांगतात."

वहीतला रकाना आज भरला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पाय गेला. जीव आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी दवाखान्यात शिवणताईंना भेटायला गेले. शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई, आपल्या मंडळीतली नाही. तिला ऑपरेशनला न्यायला माणसं आली होती आणि ती खाटेची कड सोडेना. मी दारातच थांबले. शिवणताई कोपरावर रेलून कशाबशा कडेला सरकल्या, तिचा हात धरला. डोळे उघडे होते. म्हणाल्या, "प्रभू, ही घाबरली आहे. तू हिच्याबरोबर आत जा. मला आता तू इथे नसलास तरी चालेल."

मी आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसले.